मुका सिनेमा, शेजारचा माग

वडगाव, बेळगाव
आषाढ, मंगळवारची रात्र

प्रिय दोस्ता,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळी खुशाल आहेत. फोनवर हे सांगायला घेतलं की तू मधेच ‘बरं, आणि काय?’ म्हणतोस आणि माझी गाडी रुळावरून उतरते, म्हणून कागदावर लिहितोय. बाहेर पाऊस धो धो. चार दिवस कपडे वाळलेले नाहीत, हॉलभर दोऱ्या बांधल्यात आणि त्या ओल्या चादरींच्या फटीतून मी रोज रात्री सिनेमा बघालोय. आवाज बंद करून!

म्हणजे असं. टीव्ही मुका करायचा आणि मोबाइलला स्पीकर जोडून त्या सिनेमाशी काडीचा संबंध नसलेलं संगीत लावायचं. खूळ माझं नाही. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा 1939 चा सिनेमा आणि पिंक फ्लॉइडचा 1973 चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अमेरिकेतली पोरं कैक वर्षं एकत्र लावतात. सुरुवातीला एम.जी.एम.चा सिंह येतो ना, त्याची तिसरी डरकाळी झाली की गाणी सुरू करायची. मी केलं. पोरगी दार उघडते, तपकिरी सिनेमा एकदम रंगीत होतो आणि नेमकं तेव्हाच ‘मनी’ गाण्यातली नाणी खणखणायला लागतात. अंगावर काटा आला बघ. बँडवाले म्हणतात, असलं काही आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. अल्बम जेमतेम 43 मिनिटांचा, सिनेमा त्याच्या दुपटीहून मोठा. पुढं लोक तोच अल्बम परत लावतात, पण तिथं मला ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटलं.

मग म्हटलं, आपल्याकडचं काहीतरी लावून बघू. पहिल्या दिवशी एक हाणामारीचा हिंदी सिनेमा लावला आणि त्यावर मल्लिकार्जुन मन्सूरांचा विलंबित ख्याल. पार फसलं. पडद्यावर दहा जण हवेत उडालेत आणि मन्सूर आपले निवांत सम गाठतायत. त्यात माणसं बोलतात तेव्हा ओठ हलतात आणि आवाज येत नाही. माशांच्या काचेच्या पेटीसमोर बसल्यासारखं वाटतं. सौ. पाच मिनिटांत उठून गेली. शेजारच्या काकू मात्र दारात थबकल्या, ‘मन्सूर अज्जा, अल्ल?’ म्हणाल्या आणि टीव्हीकडं न बघता उंबऱ्यावर बसून अख्खा राग ऐकून गेल्या. सिनेमापेक्षा तेच बरं झालं.

तेव्हापासून मूकपटच. त्यातल्या बहुतेकांना तसंही ठरलेलं संगीत कुठं होतं? थिएटरात पेटीवाला, तबलजी बसायचे आणि पडद्याकडं बघून वाजवायचे. गाव बदललं की संगीत बदललं. फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ लावला. त्यात कृष्ण झालीय ती फाळक्यांचीच पोरगी, मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्यावर राग, हसू, रडू असं एकेक करून दाखवते. त्यावर मी साधी बासरी लावली होती. पोरगी रडवेली झाली, बासरी खाली उतरली, माझा घसा दाटला, आणि मोबाइलवर एक बाप्या तारस्वरात ओरडला, ‘गुंतवणुकीपूर्वी सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा!’ फुकटातलं ऐकतो त्याची शिक्षा. आता गाणी आधी उतरवून घेतो.

पण खरी गंमत पुढं आहे. 1922 चा जर्मन ‘नोस्फेरातू’, भुताचा. त्यात जिन्याच्या भिंतीवरून त्याची नुसती सावली वर चढत जाते, लांब बोटं, वाकलेली पाठ. मी त्याला चौंडकं लावलं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर जोगत्यांचं ऐकलेलं आहेस ना तू? ते तारेचं टुंग्-टुंग्, मधेच ताण देऊन वर नेलेला सूर. काय बसलं म्हणून सांगू! सावलीच्या एकेका पायरीला एकेक ठोका. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटालोय तोवर आई देवघरातून आली. आधी सवयीनं हात जोडले, मग पडद्याकडं बघितलं. ‘देवीचं वाद्य भुताला लावालास? बंद कर की रे ते!’

बंद केलं. आधी हसू आलं, पण रात्री झोप लागेना. मला वाटत होतं, चित्राला मी सूर लावालोय. आईला त्या सुरासोबत डोंगर, भंडारा, पौर्णिमेची गर्दी असं सगळं आयतं दिसलं आणि त्यात हे टकलं भूत मधेच घुसलं. बर्लिनमधल्या माणसाला तेच चौंडकं नुसतं भीतीदायक वाटलं असतं. तेव्हापासून ‘हे संगीत त्या सीनला चपखल बसतं’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुणाच्या घरात?

आता परवाचं ऐक. बस्टर कीटन या विनोदी नटाचा ‘द जनरल’ लावला होता, 1926 चा, सगळा आगगाडीवरचा. काय संगीत लावावं ते सुचेना, म्हणून नुसताच बसलो. आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा माग सुरू झाला. तू गेलास तेव्हा गल्लीभर माग होते, आता एवढाच उरलाय. खट्-खटाक्, खट्-खटाक्. प्रेयसीनं झिडकारलेला कीटन तोंड पाडून इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, इंजिन हळूच हलतं आणि त्या दांड्याबरोबर तोही वर-खाली, वर-खाली. त्याला पत्ताच नाही. माग त्याच लयीत! मी चादर बाजूला सारून पुढं सरकलो. तेवढ्यात पलीकडं धागा तुटला असावा किंवा कांडी संपली, माग गप्प झाला. इकडं पडद्यावर इंजिन कीटनला घेऊन अंधारात शिरलं. नुसता पावसाचा आवाज. देवाशपथ सांगतो, असली शांतता पैसे देऊनही मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीच वेळ साधून पुन्हा लावला, तर माग कुठंच्या कुठं आणि कीटन कुठं.

तुला कधी हे करायचं झालं तर एकच सांगतो, सिनेमाची कुठली प्रत घेतलीस ते लिहून ठेव. मूकपट हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेले, प्रत्येक प्रतीचा वेग निराळा. एकीत जुळलेलं दुसरीत मिनिटभर पुढं-मागं जातं. बाकी नियम-बियम काही नाहीत.

आणि हे खूळ माझं नाही असं वर लिहिलं खरं, पण लिहिता लिहिता आठवलं. तुमच्या घरचा तो लाकडी शटरचा टीव्ही! त्याचा आवाज गेला होता आणि तुझे बाबा दोन महिने तो दुरुस्त करेनात. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषेतला सिनेमा लागायचा आणि आपण सगळे तसाच बघत बसायचो, नाहीतरी भाषा कुणाला कळत होती? तुझ्या अज्जीनं त्याच खोलीत रेडिओ लावलेला असायचा, धारवाड नाहीतर सांगली. एका सिनेमात एक म्हातारा नावेतून नदी ओलांडत होता, लांबच लांब, संपेचना, आणि अज्जीच्या रेडिओवर काहीतरी चाललं होतं. तू रडला होतास. मी हसलो म्हणून मला गुद्दा हाणलास.

ती नदीतली नाव मला आठवते, म्हाताऱ्याचं धोतर आठवतं. रेडिओवर काय होतं ते काही केल्या आठवत नाही. तुला आठवतं काय रे? आठवलं तर कळव, पाऊस आहे तोवर.

तुझाच,
मधल्या गल्लीतला

ता. क. कुंदा पाठवालोय. तुझ्या वहिनीनं डबा परत मागितलाय.