‘सेंद्रिय रसायनशास्त्र प्रवेश संच’ : बाटली वेगळी, पुस्तिका वेगळी, प्रयोग तिसराच

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
शैक्षणिक संच व ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘सेंद्रिय रसायनशास्त्र प्रवेश संच’ (१२ नग) – चुकीचे रसायन, न जुळणारे साहित्य व धोकादायक मराठी पुस्तिका यांबाबत तक्रार.

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या महाविद्यालयाला जोडून चालणाऱ्या कम्युनिटी कॉलेजातील पदविका अभ्यासक्रमासाठी आपल्याकडून वरील १२ संच घेतले. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या सत्राला होतात तीच प्रात्यक्षिके, पुस्तिका मराठीत आणि ‘संचाबाहेरचे काहीही लागणार नाही’, अशी आपली जाहिरात होती. प्रात्यक्षिकांची निवड खरोखरच चांगली आहे. द्रवणांक, पुनर्स्फटिकीकरण, ऊर्ध्वपातन, चहातून कॅफीन काढणे, टीएलसी (सिलिकाच्या पट्टीवर मिश्रणातले घटक वेगळे करून पाहणे), मग ॲस्पिरिन आणि केळ्याच्या वासाचे एस्टर (आम्ल व अल्कोहोल यांपासून बनणारे संयुग). ज्या मुलांना पुढे तारापूर, कुरकुंभ किंवा लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीचे (गुणवत्ता तपासणीचे) काम करायचे आहे, त्यांचा हात याच क्रमाने बसतो. तेव्हा तक्रार निवडीबद्दल नाही. हा संच विकायला काढण्यापूर्वी आपल्याकडे कोणीही त्यातल्याच वस्तू घेऊन, हीच पुस्तिका समोर ठेवून, एकही प्रात्यक्षिक शेवटपर्यंत केलेले नाही, ही तक्रार आहे. कशावरून, ते खाली लिहितो.

सर्वांत गंभीर बाब ॲस्पिरिनची. पुस्तिकेत लिहिले आहे : सॅलिसिलिक ॲसिड २ ग्रॅम, ‘रसायन क्र. ४’ ५ मिली, तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे ५ थेंब, वॉटर बाथवर १५ मिनिटे. ही प्रमाणे ॲसेटिक अनहायड्राइडची आहेत आणि त्या हिशेबाने बरोबर आहेत. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड म्हणजे १४.५ मिलिमोल (रेणूंच्या संख्येचे माप), ५ मिली अनहायड्राइड म्हणजे सुमारे ५३ मिलिमोल, आणि ॲस्पिरिनचे सैद्धांतिक यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणारे उत्पादन) २.६१ ग्रॅम. पण क्रमांक ४ च्या बाटलीवर नुसते ‘ॲसेटिक’ एवढेच छापले आहे आणि आत अनहायड्राइड नाही, ग्लेशियल (म्हणजे पाणी नसलेले) ॲसेटिक ॲसिड आहे. खात्री करायला फार काही लागत नाही. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी आत घट्ट पांढरे स्फटिक असतात, कारण ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशांनाच गोठते. अनहायड्राइड घरच्या फ्रिजमध्ये कधीच गोठणार नाही. दुसरी खूण : पाण्यात दोन थेंब टाकले की अनहायड्राइड आधी तेलासारखे तळाशी बसते आणि मग हळूहळू विरघळते. क्रमांक ४ चे थेंब पाण्यात पडताक्षणी मिसळून जातात.

हा बदल का केला असेल, हे आम्हाला कळते. हेरॉइन बनवण्यासाठी ॲसेटिक अनहायड्राइड वापरले जात असल्याने ते १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली १९९३ पासून नियंत्रित पदार्थ आहे आणि २०१३ च्या आदेशानुसार त्याच्या व्यवहाराला नोंदणी लागते. ते कुरिअरने घरोघर पाठवता येत नाही, हे योग्यच. पण मग प्रात्यक्षिक बदलायचे होते. नाव अर्धे छापून शेजारची बाटली भरायची नव्हती. सॅलिसिलिक ॲसिडवरचा फिनॉलचा ओएच गट ॲसेटिक ॲसिडबरोबर असा १५ मिनिटांत एस्टर देत नाही. तो न्यूक्लिओफाइल (दुसऱ्या रेणूला इलेक्ट्रॉन देऊन बंध जोडणारा) म्हणून दुबळा, आणि समतोलही उलट बाजूला झुकलेला. अनहायड्राइड लागते ते त्यासाठीच.

आता यातली खरी मेख पाहा. विद्यार्थी क्रमांक ४ घालून तापवतो, सगळे विरघळते. पाणी ओतून बर्फात ठेवले की पांढऱ्याशुभ्र सुया पडतात. गाळून, वाळवून वजन केले की दीड-पावणेदोन ग्रॅम भरते, म्हणजे ‘यील्ड’ साठ-पासष्ट टक्के. पोरगा खूश, वही पूर्ण. प्रत्यक्षात घातलेले सॅलिसिलिक ॲसिडच परत बाहेर आलेले असते. ही चूक दोन ठिकाणी पकडता आली असती. एक द्रवणांक : ॲस्पिरिन १३५ च्या आसपास वितळते, सॅलिसिलिक ॲसिड १५८ ते १६० ला. पण संचातला थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचाच आहे, लाल स्पिरिटचा. दुसरी फेरिक क्लोराइडची चाचणी : मोकळा फिनॉलिक गट असेल तर जांभळा रंग येतो, म्हणजे जांभळे दिसले तर सॅलिसिलिक ॲसिड उरले आहे. पुस्तिका सांगते, ‘जांभळा रंग आल्यास ॲस्पिरिन तयार झाले असे समजावे’. रसायन चुकीचे, ते पकडणारा थर्मामीटर तोकडा आणि उरलेली एक चाचणी उलटी छापलेली! ठरवून केले असते तरी इतके चोख जमले नसते.

याच पानावर आणखी एक वाक्य आहे : ‘१५ मिनिटांनंतर ५० मिली पाणी एकदम ओता.’ आपल्या बाटलीत अनहायड्राइड नसल्यामुळे यातून काही होत नाही. पण एखाद्या कॉलेजने नियमाने अनहायड्राइड मिळवून हीच पुस्तिका वापरली, तर गरम मिश्रणात उरलेले जास्तीचे अनहायड्राइड आणि एकदम ओतलेले पाणी यांतून उष्णता उसळून आम्लाची वाफ व शिंतोडे थेट तोंडावर येतील. पाणी आधी थेंबाथेंबाने, २ मिलीपर्यंत, आणि वाफ शमल्यावरच बाकीचे, असे तिथे हवे.

थर्मामीटरचे एवढ्यावर भागत नाही. सरावासाठी दिलेल्या बेंझोइक ॲसिडचा द्रवणांक १२२ आहे. एस्टरचे ऊर्ध्वपातन १३६ ते १४३ अंशांत गोळा करायला सांगितले आहे. दोन्हीकडे ११० चा थर्मामीटर फुटणार. त्यात ऊर्ध्वपातनाच्या आकृतीत त्याचा फुगा द्रवात बुडवलेला दाखवला आहे. तिथे द्रवाचे तापमान कळते, बाहेर पडणाऱ्या वाफेचे नाही. फुग्याचे वरचे टोक बाजूच्या नळीच्या खालच्या कडेला समपातळीत हवे.

कॅफीनच्या प्रयोगाची तऱ्हा तशीच. मूळ कृती डायक्लोरोमिथेनची, ज्याची घनता १.३३. तो पाण्याखाली बसतो, म्हणून ‘खालचा थर ठेवा, वरचा टाकून द्या’. आपण द्रावक बदलून इथाइल ॲसिटेट दिले. ते कमी घातक आहे, या बदलाचे स्वागतच. पण त्याची घनता ०.९०, ते वर तरंगते. वाक्य मात्र तेच राहिले. म्हणजे पुस्तिका तंतोतंत पाळणारा विद्यार्थी कॅफीन सिंकमध्ये ओततो आणि चहाचे पाणी जपून ठेवतो. शिवाय ‘फनेल जोरजोरात हलवा’ (म्हणजे थर वेगळे करायचे, तोटीचे सेपरेटिंग फनेल) असे लिहिले आहे. चहाच्या अर्काबरोबर तसे केले की मधे फेसाळ, साबणासारखा थर होतो आणि तो तासभर हलत नाही. फनेल आडवे धरून सावकाश घोळवायचे, मधूनमधून तोटी उघडून दाब सोडायचा आणि फेस धरलाच तर चमचाभर मीठ घालायचे. थर ओळखण्यासाठी पाण्याचा एक थेंब वरून सोडावा, तो ज्या थरात विरून जातो तो पाण्याचा. आणि पदार्थ हातात येईपर्यंत कोणताही थर फेकू नये, ही ओळ तर पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक हवी.

एस्टरमध्ये ५ मिली आयसोअमाइल अल्कोहोल, ७ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, १ मिली सल्फ्युरिक ॲसिड ही प्रमाणे ठीक आहेत, आणि इथे क्रमांक ४ ची बाटली योगायोगाने योग्य ठरते. अडते ते धुऊन झाल्यावर. पाणी शोषण्यासाठी दिलेले ‘सोडियम सल्फेट’ हे निर्जल नाही. मोठे, काचेसारखे पारदर्शक खडे आहेत, म्हणजे दहा रेणू पाण्यासह स्फटिकलेले मीठ, ज्याच्या वजनाचा जवळपास ५६ टक्के भाग पाणीच आहे. परीक्षानळीत चिमूटभर घेऊन कोमट पाण्यात धरले की ३२ अंशांच्या पुढे ते स्वतःच्याच पाण्यात पातळ होते. असल्या मिठाने एस्टर कोरडे काय होणार? ओले एस्टर ऊर्ध्वपातनाला चढवले की शंभराच्या आतच गढूळ थेंब पडू लागतात, आणि मुलांना वाटते आपलेच काहीतरी चुकले. निर्जल मीठ पांढरी भुकटी असते. पाणी शोषले की तिचे गोळे होतात, आणि ताजी चिमूट सुटी फिरत राहिली की कोरडेपणा आला असे समजायचे. ही खूण पुस्तिकेत नाही.

त्याऐवजी पुस्तिकेत काय आहे, ते वाचकाने डोळे चोळून वाचावे. ‘सेंद्रिय थर उन्हात वाळवा.’ ज्वलनशील द्रव, उघड्या भांड्यात, उन्हात! ‘मिश्रण एक तास ओहोटीत ठेवा’, इथे रिफ्लक्स (उकळताना वाफ थंड करून परत फ्लास्कात सोडणे) म्हणायचे असावे. ‘टोपीखाली तापवा’, म्हणजे फ्यूम हूड (घातक वाफ ओढून घेणारे कपाट). ‘आईची दारू गाळून वेगळी करा’, म्हणजे मातृद्राव (स्फटिक गाळल्यावर उरणारा द्रव). यंत्राने भाषांतर केले असेल तर हरकत नाही, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी कंडेन्सर (वाफ थंड करणारी नळी) जोडला आहे अशा माणसाने ते वाचायला हवे होते. हसण्यावारी नेण्यासारखी यातली सगळी वाक्ये नाहीत. ‘उकळी येताच उकळीचे खडे टाका’ या वाक्याने अपघात होतो. तापून उकळीच्या पुढे गेलेल्या द्रवात पोर्सिलीनचा तुकडा पडला की सगळा द्रव एका क्षणात फसफसून फ्लास्कच्या तोंडातून बाहेर येतो. खडे थंड असतानाच टाकायचे, आणि विसरलेच तर आधी फ्लास्क थंड करायचा. बाय द वे, हे खडे १२ पैकी एकाही संचात नाहीत.

पुनर्स्फटिकीकरणात २ ग्रॅम बेंझोइक ॲसिडला २५० मिली पाणी सांगितले आहे. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात सुमारे ०.३४ ग्रॅम बेंझोइक ॲसिड विरघळलेले राहते. म्हणजे २५० मिलीत ०.८५ ग्रॅम गाळणीतून निघून गेले. ५० मिली उकळते पाणी पुरेसे आहे, त्यात तोटा ०.१७ ग्रॅमचा.

काचसामानाबद्दल थोडक्यात. चार संचांत फ्लास्कचा जोड बी-२४ चा (तोंडाचा व्यास २४ मिमी) आणि कंडेन्सरचा बी-१९ चा आहे, अडॅप्टर नाही. पुस्तिकेत अमेरिकन २४/४० लिहिले आहे आणि प्रत्यक्षात २४/२९ दिले आहे, त्याबद्दल तक्रार नाही, कारण उतार तोच असल्याने ते एकमेकांत बसतात, फक्त लांबी कमी-जास्त. पण २४ मध्ये १९ बसत नाही. आपल्या ग्राहक सेवेने फोनवर ‘ग्रीस लावा, बसेल’ असा सल्ला दिला. बी-२४ चे सॉकेट दर १० मिमीला १ मिमी अरुंद होते, म्हणजे तळाशीही ते २१ मिमी असते. १९ चे निमुळते टोक त्यातून सरळ आत पडते. ग्रीस किती लावणार?

टीएलसीच्या पट्ट्या यूव्ही प्रकाशात चमकणारा घटक नसलेल्या साध्या सिलिकाच्या आहेत आणि सोबतचा ‘यूव्ही दिवा’ म्हणजे नोटा तपासायचा जांभळा टॉर्च. २५४ नॅनोमीटरचा दिवा आणि त्याला साजेशा पट्ट्या दोन्ही असल्याशिवाय ठिपके दिसत नाहीत. सध्या झाकणाच्या बरणीत आयोडीनचे चार खडे टाकून काम चालवता येते, पण तो आयोडीनही संचात नाही. सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटलीला रबरी ड्रॉपर लावला आहे. त्याचे रबर आम्लाने काळे पडून चिकट झाले आहे आणि आम्ल तपकिरी. सेपरेटिंग फनेल मात्र उत्तम आहेत. टेफ्लॉनची तोटी, एकही गळत नाही. ते परत करणार नाही.

आमच्या मागण्या अशा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत १२ संचांसाठी ०–२५० अंशांचे थर्मामीटर, निर्जल सोडियम सल्फेट, पोर्सिलीनचे खडे आणि २५४ नॅनोमीटरला चालणाऱ्या पट्ट्या व दिवे, तसेच चार संचांसाठी जुळणारे कंडेन्सर आपल्या खर्चाने पाठवावेत. ॲस्पिरिनचे पान रद्द करावे. त्या जागी विंटरग्रीन तेलाचे, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेटचे, सोडियम हायड्रॉक्साइडने जलविघटन ठेवता येईल : अर्धा तास रिफ्लक्स, थंड करून आम्ल घातले की सॅलिसिलिक ॲसिड खाली बसते, द्रवणांक तपासता येतो आणि कोणताही नियंत्रित पदार्थ लागत नाही. पुस्तिका एखाद्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाकडून तपासून पुन्हा छापावी. तोपर्यंत उन्हात वाळवणे, एकदम पाणी ओतणे आणि उकळत्या द्रवात खडे टाकणे या तीन वाक्यांची दुरुस्ती हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावी. बाकीचे काही उशिरा झाले तरी चालेल, हे याच आठवड्यात व्हावे.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. त्यासाठी क्रमांक ४ ची एक बाटली न उघडता, मोहोरबंद ठेवली आहे. बिलाची प्रत, पुस्तिकेच्या सात पानांच्या खुणा केलेल्या प्रती आणि गोठलेल्या बाटलीचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

कळावे,
आपले विश्वासू,
अध्यापक व प्रयोगशाळा सहायक,
सेंद्रिय रसायनशास्त्र प्रयोगशाळा