मांडीतल्या रॉडची चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्या

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस सादर नमस्कार.

मी इंदुरातली निवृत्त सिस्टर. नोकरीची बहुतेक वर्षं हाडांच्या ऑपरेशन थिएटरात गेली. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. तेच मराठीतून उघडपणे लिहिते आहे, कारण रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात ज्यांच्या घरी कुणाच्या मांडीत रॉड आहे, त्यांनीही आज कपाटातलं डिस्चार्ज कार्ड काढून बघावं असं मला वाटतं.

माझ्या भाच्याच्या कार्डावर एवढंच होतं: ‘उजव्या मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, इंटरलॉकिंग नेल घातला.’ म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवून आडव्या स्क्रूंनी अडकवलेला धातूचा रॉड. 2015 साली मानपूरजवळ त्याची बाईक घसरली होती. हाड छान जुळलं, नोकरी लागली, लग्न झालं. मग खुब्याच्या बाजूला रॉडचं टोक टोचू लागलं, त्या कुशीवर झोपता येईना. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. तासा-दीड तासाचं काम म्हणून आत नेलेला मुलगा साडेचार तासांनी बाहेर आला, आणि रॉड मांडीतच होता.

रॉडच्या वरच्या टोकाला आतून चुड्या, म्हणजे स्क्रूसारखे आटे, असतात. त्यांत काढायचा बोल्ट घट्ट बसवायचा, त्याला दांडा जोडायचा आणि हातोडीने उलट्या दिशेने ठोकत रॉड बाहेर आणायचा. पण या चुड्या कंपनीगणिक वेगळ्या. थिएटरात दोन सेट होते, दोन्हींचे बोल्ट बसेनात. एक्सरेवरून रॉडचा आकार कळतो, चुड्या कळत नाहीत. शिवाय नऊ वर्षांत त्या टोकावर हाड चढलेलं, ते छिन्नीने कोरून काढावं लागलं. खालच्या आडव्या स्क्रूच्या डोक्यातली खाच झिजली आणि किल्ली नुसतीच फिरू लागली. दोन बाटल्या रक्त चढवलं, टाके घातले आणि थांबले. थांबले हे त्या डॉक्टरांनी चांगलंच केलं. त्याहून जोर लावला असता तर हाडच पुन्हा मोडलं असतं.

दीड महिन्याने, सगळ्या मापांचे बोल्ट असलेला सेट बाहेरून मागवून, रॉड एकदाचा निघाला. घरच्यांच्या हाती दिला तेव्हा मी तो पुसून उजेडात धरला. अंगावर स्वच्छ कोरलेलं होतं: कंपनीची खूण, जाडी 10, लांबी 380 मिलिमीटर, लॉट नंबर. इतकी वर्षं ही माहिती पोराच्या मांडीत होती आणि घरातल्या एकाही कागदावर नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा के-नेल, म्हणजे आडव्या स्क्रूंशिवायचा साधा रॉड, सर्रास असायचा. जर्मनीत क्युंचर यांनी 1939 साली पहिल्यांदा वापरला तो. त्याच्या टोकाला डोळा असे. कुणीही, कुठेही घातलेला असो, त्या डोळ्यात आकडा अडकवला की ओढता येई. इंटरलॉकिंग आल्यावर मोडलेलं हाड जास्त पक्कं धरलं जातं, रुग्ण लवकर उभा राहतो, हा मोठा फायदाच झाला. पण काढायचं हत्यार मात्र ज्याचं त्याचं वेगळं झालं. हाडावर बाहेरून बसवायच्या टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटांची गत याहून बिकट. स्क्रूचं डोकं प्लेटच्याच चुड्यांत बसतं. घालताना ते जास्त कसलं गेलं किंवा तिरकं बसलं, तर दोन्ही धातू जणू जोडले जातात. मग ड्रिलने डोकं उडवायचं आणि पोकळ रीमरने, म्हणजे हाड कोरायच्या नळीसारख्या हत्याराने, उरलेला स्क्रू हाडासकट कोरून काढायचा. असे दिवस मी पुष्कळ पाहिले आहेत.

भाच्याचं पहिलं ऑपरेशन जिथे झालं तिथे आम्ही गेलो होतो. जुना रेकॉर्ड नाही, म्हणाले. नियमाने त्यांना बोल लावता येत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात की रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवावीत आणि मागितल्यास 72 तासांत द्यावीत. कागद 3 वर्षांनी जातो, रॉड शरीरात दहा-वीस वर्षं राहतो. केंद्राच्या 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे इम्प्लांटच्या लेबलवर उत्पादकाचं नाव आणि लॉट नंबर असावाच लागतो. म्हणजे माहिती थिएटरच्या दारापर्यंत येतेच. तिथून ती बिलाच्या फाइलीत जाते, रुग्णाच्या पिशवीत येत नाही.

आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी 1973 च्या उपचर्यागृह (नर्सिंग होम) कायद्याखाली होते आणि त्याचे नियम राज्य सरकारच्या हातात आहेत. त्यात एवढंच घाला की शरीरात धातू बसवला तर कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर आणि स्क्रूच्या खाचेचा प्रकार लिहिल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड पूर्ण धरलं जाणार नाही. सरकारी दवाखान्यांना तर आदेशच पुरे. लिहायला सिस्टरला पाच मिनिटं लागतील. मी हे काम केलं आहे, म्हणून सांगते.

आणि प्रत्येक संभागाच्या, म्हणजे महसुली विभागाच्या, एका सरकारी रुग्णालयात रॉड आणि मोडके स्क्रू काढायचा एक पूर्ण सेट ठेवा. गरजेला बाकीचे तिथून नेतील.

प्रत्येकाचा रॉड काढावाच लागतो असं मुळीच नाही. त्रास नसेल तर मोठ्या माणसांत तो राहू देतात. पण जंतुसंसर्ग झाला, पुन्हा पडून हाड मोडलं, किंवा म्हातारपणी त्याच पायाचा गुडघा बदलायची वेळ आली, तर काढावा लागू शकतो. तेव्हा ती चिठ्ठी हवी.

भाचा सहा आठवडे वॉकरवर होता, कारण स्क्रू निघालेल्या भोकांशी हाड कच्चं असतं. आता चालतो आहे. कार्डाच्या मागे छापता येईल असा अर्ध्या पानाचा नमुना मी हाताने आखला आहे, तो हिंदी प्रतीसोबत जोडला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त थिएटर सिस्टर, इंदूर