विंगेमागून ताल देणाऱ्या मुलीस

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र गुरुवारी पोहोचले. माहलर या संगीतकाराच्या दुसऱ्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या त्या मोठ्या रचनेच्या, पाचव्या भागात जे हॉर्न आणि ट्रंपेट श्रोत्यांना न दिसता आतून वाजतात, त्यांना ताल देण्याचे काम तुझ्याकडे होते, हे तू दोन ओळींत उरकले आहेस. पुढची दोन पाने निराशेची आहेत. वाद्यवृंदाची सहायक संचालक (कंडक्टर) म्हणून दुसरे वर्ष संपत आले, तरी स्वतःचा एकही कार्यक्रम मिळाला नाही, आणि टाळ्या वाजत होत्या तेव्हा तू विंगेतच उभी होतीस.

मला त्या दोन ओळींविषयीच अधिक वाचायचे होते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीस-पस्तीस मीटर आतून येणारा स्वर श्रोत्यांपर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. छोट्या पडद्यावर मुख्य संचालकाचा हात पाहायचा आणि आपला हात त्याच्या किंचित आधी टाकायचा. इतका आधी की आतल्या वादकांना तो चुकीचा वाटावा आणि सभागृहात मात्र सगळे एकत्र ऐकू यावे. हे जमले की नाही, ते तू लिहिलेच नाहीस.

झुबिन मेहतांचे उदाहरण तू दिलेस. सव्विसाव्या वर्षी, 1962 मध्ये, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ही ऑर्केस्ट्रा त्यांच्या हाती आली, हे खरे. पण तू हिशेब शेवटच्या आकड्यापासून मांडतेस. वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यामुळे तालमी या मुलाने लहानपणापासून पाहिल्या आणि सोळाव्या वर्षी काही स्वतः घेतल्याही. हे भाग्य तुला मिळाले नाही. ते मी देऊ शकलो नाही. परंतु वैद्यकीय शिक्षणाची वाट सोडून 1954 मध्ये ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे संचालन शिकायला गेले, त्यानंतरची वर्षे पाहा. मोठ्या संचालकांच्या तालमींना बाहेरच्यांना प्रवेश नसे, म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ आबाडो गायकवृंदात दाखल झाले आणि गाता गाता समोरचा हात पाहत राहिले. 1956 मध्ये हंगेरीतून निर्वासित आले, तेव्हा विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून मेहतांनी छावणीत कार्यक्रम केला. 1958 मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकल्यावर बक्षीस काय मिळाले, तर एका वर्षाची सहायकाची नोकरी! पुढे माँट्रियलला मार्केविच आणि लॉस एंजेलिसला राइनर हे संचालक येऊ शकले नाहीत, तेव्हा बदली म्हणून त्यांना बोलावणे आले. तशा बोलावण्याला हाती वेळ थोडाच असतो. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, आधीच डोक्यात असावा लागतो. कोणी आजारी पडावे अशी इच्छा मात्र धरू नकोस, तुझ्या आईला ते आवडणार नाही.

मी आयुष्यभर चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसलो, त्यामुळे हात दाखवणाऱ्याला मी खालूनच पाहिले आहे. तो चांगला आहे की नाही, हे पहिला स्वर वाजण्याआधीच आम्हाला कळत असे. हात वर जाताना लय किती, जोर किती आणि गज तारेवर ठेवायचा की आपटायचा, हे सारे त्या एका हालचालीत येते. ज्याला ते साधत नाही, तो मग तोंडाने आकडे मोजू लागतो. एक अरेंजर होते, नाव लिहीत नाही, ते दर वेळी थांबवून फक्त "पुन्हा" म्हणत. कोणाचे चुकले, कुठल्या मात्रेला चुकले, हे कधीच सांगत नसत, आणि पाचव्या टेकला साठ माणसे मुद्दामच थंडपणे वाजवू लागत. तू ऑर्केस्ट्राला थांबवशील तेव्हा आधी स्वराची जागा सांग, मग वाद्य, मग काय हवे ते. आणि तेवढे नक्की माहीत नसेल, तर थांबवू नकोस.

सभागृहात मागे बसून तुम्ही सहायक वाद्यांचा तोल ऐकता, ते काम तुला कमी दर्जाचे वाटते. मला ते पटत नाही. संचालकाच्या जागेवरून वाद्ये ज्या प्रमाणात ऐकू येतात, त्याच प्रमाणात श्रोत्यांना येत नाहीत, आणि हा फरक कानात साठवायला तुला दोन वर्षे पगार मिळतो आहे. स्टुडिओत आमच्यापैकी कोणाला अशी संधी मिळाली असती, तर आम्ही फुकट बसलो असतो.

पुढच्या महिन्यात ब्राम्सची चौथी सिंफनी आहे असे लिहितेस. तुला कोणी उभे करो वा न करो, ती पाठ करून ठेव. त्या सिंफनीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग स्वस्थ बसून असतात आणि चौथ्याच्या आरंभी वाजवतात. त्यांचा पहिला स्वर शेवटच्या रांगेत कसा पोहोचला, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा