अण्णा, तुम्ही तक्त्यावर बोट ठेवलंत

अण्णा,

समोर बसून हे बोलता आलं नसतं, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

टिळकवाडीत तुमच्या माडीवर यायच्या आधी मी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये सुपरहिरोंचा रोल-प्लेइंग खेळ खेळत होते, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि टेबलाभोवती बसून मिळून गोष्ट सांगायची. नियम मोजके, सुचेल ते बोलायचं. सुचायचं मलाही, पण ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट पुढे सरकायची. माझी नायिका आपली गच्चीवर उभी. खेळ सोडला तेव्हा "तुला हे जमणारं नाही" एवढंच ऐकवलं गेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही चॅम्पियन्स काढलंत. तोही सुपरहिरोंचाच, १९८१ चा खेळ, प्रत्येक शक्ती पॉइंट मोजून घ्यायची. एका ठोशाला मूठभर फासे. त्यांची बेरीज स्टनची, म्हणजे शुद्ध हरपवणाऱ्या माराची, मग तेच फासे बॉडीसाठी, म्हणजे खऱ्या इजेसाठी, पुन्हा मोजायचे, एक आला तर शून्य, सहाला दोन, बाकीच्यांना एक. वाटलं, इथंही आपलं काही खरं नाही. पण त्यात बारा सेगमेंटचा, म्हणजे वेळेच्या बारा तुकड्यांचा तक्ता असतो, कोणाची पाळी कधी ते त्यावर ठरतं. माझ्या नायिकेचा स्पीड ४, म्हणजे ३, ६, ९ आणि १२ तिचे. सहावा सेगमेंट आला आणि दुसरे दोघं एकदम बोलायला लागले. तुम्ही तक्त्यावर बोट ठेवलंत, "ही पाळी तिची" म्हणालात. मी घाबरून अर्धं मराठीत, अर्धं कानडीत बोलत होते. माझं सांगून होईपर्यंत तुम्ही बोट उचललं नाहीत.

जाड नियमांना लोक नावं ठेवतात. आकडेमोडीत संध्याकाळ जाते हे खरंच, एक मारामारी संपेतो दोनदा चहा होतो. पण गप्प बसणाऱ्याची बाजू तो तक्ता घेतो, तशी माणसं क्वचितच घेतात.

मग मास्क्स हा सुपरहिरोंचा दुसरा खेळ खेळलो. फासे दोनच: १० किंवा जास्त आले की फत्ते, ७ ते ९ ला काहीतरी मोजावं लागतं, त्याखाली फसतं. मार लागला की राग, भीती, अपराधीपणा यांवर खूण करायची. मला हाच जास्त आवडला. यात पाळीच नसते, तरी तुम्ही दर थोड्या वेळानं माझ्याकडे वळून विचारत होतात, "ती आता काय करते?" हे कुठल्याही तक्त्यानं तुमच्याकडून करून घेतलं नव्हतं, अण्णा. तो तुमचा चांगुलपणा. अशी माणसं प्रत्येक टेबलाला मिळोत.

दिवाळीत खानापूरला मामेभावंडांना मी मास्क्स खेळवणार आहे. धाकटी फार बोलत नाही, पहिला प्रश्न तिलाच विचारणार. तुमचे फासे नेले तर चालतील ना?