वाघ बघायला या, पण सांडपाणी कुठं सोडता ते सांगा

माननीय संपादक साहेब, स. न. वि. वि.

ताडोब्याचं बुकिंग फुल्ल, वाघिणीला बछडे झाले, अशा बातम्या तुमच्या पेपरात नेहमी असतात, आम्ही आवडीनं वाचतो. पण बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत विहिरीच्या पाण्याचं काय चाललंय यावर दोन ओळी पण दिसत नाहीत, म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, मी टुरिझमच्या विरोधात नाही. माझा पुतण्या सफारीची जिप्सी चालवते, घरचा किराणा त्याच पैशातून येते.

पण गंमत बघा ना, वाघ पाणवठ्यावर हमखास दिसते ते एप्रिल-मे मध्ये, म्हणून गर्दी तेव्हाच, आणि आमच्या विहिरी तळाला जातात त्या पण तेव्हाच. त्याच टायमाला रिसॉर्टमध्ये स्विमिंग पूल भरलेला पाहिजे, लॉन हिरवं पाहिजे, मग काय, बोअर अजून खोल. २००९ च्या राज्य भूजल कायद्यानं ६० मीटरच्या खालच्या विहिरींवर बंधनं घातली आहेत, पण बोअरची गाडी रात्री आली तर फूट मोजायला कोण जाते? वरचं पाणी खाली गेलं की गावाला पण खोल जावं लागते आणि खोलातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघायची भीती. चंद्रपूर जिल्ह्याला हे दुखणं जुनंच आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की पोट्ट्यांच्या दातावर पिवळे डाग पडतात ते जन्मभर जात नाहीत.

आता सांडपाण्याचं. खोल्या वाढल्या, होमस्टे वाढले, पण गावात गटार लाईन नाही, सगळं सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर. खाली भेगांचा खडक असला की घाण पाणी मातीतून गाळल्या जात नाही, सरळ भेगेतून विहिरीकडं जाते. आमच्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची तेवढी माहीत, त्यानं जंतू मरतात हे खरं, पण सांडपाण्यातून येणारं नायट्रेट जात नाही, आणि पाणी उकळलं तर उलट त्याचं प्रमाण वाढते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्याच्या वर गेलं की बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला सगळ्यात जास्त धोका, कारण ते पावडरचं दूध याच पाण्यात कालवतात. पाहुण्याला काय, त्याच्या टेबलावर सीलबंद बाटली.

आमच्या बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, संध्याकाळी या एकदा. सफारीवरून आलेल्या गाड्या काठावर लावून धुतात, साबणाचा फेस काठानं पांढरी पट्टी धरते, वर डिझेलचा रंगीत तवंग. त्याच्या चार हातावर बाया कपडे धुतात. गाय पाण्याला तोंड लावते आणि मान झटकून मागं सरते. चंद्रपूरचा रामाळा तलाव सांडपाणी आणि जलपर्णीनं कसा भरला होता ते पाहिलं आहे सगळ्यांनी, आमची बोडी तर त्याच्यापुढं वाटीएवढी. (पुतण्याला पण बोललो, तो म्हणते मग मालकाला सांगा पाण्याची सोय करायला. बरोबरच आहे त्याचं.)

१ जुलैला कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, सफारीला बंद होते, पाहुणे कमी होतात, आणि मग पाऊस उन्हाळाभराची घाण भेगेभेगेतून खाली उतरवते. गॅस्ट्रोचे पेशंट आमच्याकडं याच दिवसांत वाढतात, तेव्हा रिसॉर्टच्या गेटला कुलूप असते.

मागणं फार मोठं नाही. ग्रामपंचायतीनं नवीन बांधकामाला ना-हरकत देताना सेप्टिक टँकचा नकाशा आणि जवळच्या विहिरीचं अंतर पाहावं. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन पाण्याला किती धोका त्याप्रमाणे लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळते, ते दप्तरात न ठेवता चावडीवर लावावं, नायट्रेट-फ्लोराइडच्या आकड्यासकट. आणि गाड्या धुवायला गेटजवळ सिमेंटचा कट्टा आणि शोषखड्डा करावा, खर्च गाडीमालक आणि रिसॉर्टवाल्यांनी मिळून द्यावा. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, तुमचा वार्ताहर आला तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर