उद्घाटन सोडा, पोस्टर हॉल गाठा

मा. संपादक यांस,

मागच्या आठवड्यात तुमच्याच पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की ह्या मोठमोठ्या वार्षिक विज्ञान परिषदा म्हणजे लोकांच्या पैशानं काढलेल्या सहली आहेत, बंद करा आणि तो पैसा शाळांच्या लॅबला द्या. राग वगैरे काही आला नाही, कारण अर्धं त्यांचं बरोबरच आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, एमएस्सीच्या आणि पीएचडीच्या पोरापोरींना घेऊन परिषदांना गेले, त्यामुळं लोक तिथं काय करतात ते जवळनं बघितलंय. उद्घाटनाला पुढच्या खुर्च्या धरायच्या, किट-बॅग घ्यायची, बॅनरपुढं फोटो काढून स्टेटसला टाकायचा, दुपारी जेवायचं आणि मग गाव बघायला पसार, आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटच्या लाइनीत मात्र सगळ्यात पुढं. जोतिबाच्या यात्रेत गुलालानं माखून, पण देवळात न जाताच परत यावं तसला हा प्रकार.

ह्या सर्टिफिकेटच्या वेडाला खतपाणी कुणी घातलं तेही बघा. 2010 च्या युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत प्राध्यापकांच्या प्रमोशनला एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजायचे गुण आले, परिषदेत पेपर वाचला की गुण, मग काय, गल्लोगल्ली 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' परिषदा सुरू झाल्या, बाहेरच्या देशातला एक पाहुणा बोलावला की झाली आंतरराष्ट्रीय. पोरांनी आमच्याकडं बघूनच शिकलं ना ते, त्यांना काय बोलायचं.

मोठ्या परिषदांचंही सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणत नाही. भारतीय विज्ञान काँग्रेस 1914 साली कोलकात्यात सुरू झाली, आशुतोष मुखर्जी पहिले अध्यक्ष, आणि तेव्हा जेमतेम शंभरेक शास्त्रज्ञ जमले होते. शंभर वर्षांनी तिथं हजारो लोक, मंत्री, मंडप, हारतुरे. 2015 ला मुंबईत प्राचीन भारतात विमानं होती असा दावा करणारा पेपर वाचला गेला आणि जगभर शोभा झाली, 2016 ला नोबेल विजेते वेंकी रामकृष्णन यांनी तर ह्या काँग्रेसला सरळ सर्कस म्हटलं. पुढं पैशावरनं सरकार आणि आयोजकांचं फाटलं आणि 2024 च्या जानेवारीत ती भरलीच नाही. म्हणजे बंद करा म्हणणाऱ्या आपल्या वाचकांची इच्छा एका वर्षी तरी पुरी झाली. त्यानं शाळांच्या लॅबला किती बर्नर नि बीकर मिळाले ते त्यांनीच बघून सांगावं.

माझं म्हणणं एवढंच की परिषदेतला माल मांडवात नसतो, तो पोस्टरच्या हॉलमध्ये, म्हणजे पोरं आपलं काम मोठ्या कागदावर मांडून त्याच्यापाशी उभी असतात तिथं, आणि चहाच्या टेबलापाशी असतो, आणि तिथं जायला आपण पोरांना शिकवतच नाही.

ही काय आजची गोष्ट नाही. 1860 च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूह गावात युरोपभरचे सव्वाशेच्या वर केमिस्ट जमले होते, रसायनशास्त्रातली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद म्हणतात ती हीच. भांडण होतं अणुभारावर, कार्बनचा कोण 6 धरायचा कोण 12, पाण्याचं सूत्र सुद्धा एक नव्हतं. तीन दिवस भाषणं झाली आणि ठरलं काय, तर काही नाही. पण शेवटी शेवटी कानिझारो ह्या इटालियन प्राध्यापकाची, अणुभार कसे ठरवायचे ते नीट सांगणारी एक छोटी पुस्तिका त्याच्या दोस्तानं लोकांना वाटली. लोथार मायर ह्या जर्मन केमिस्टनं ती खिशात घातली, परतीच्या वाटेवर वाचली, घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचली, आणि डोळ्यावरची झापडं गळाली असं त्यानंच पुढं लिहून ठेवलंय. त्याच गर्दीत एक सव्वीस वर्षांचा रशियन पोरगा पण होता, मेंडेलीव त्याचं नाव. नऊ वर्षांनी, 1869 ला, त्यानं आवर्तसारणी मांडली, आणि अणुभाराचा घोळ मिटल्याशिवाय ती मांडताच आली नसती. आता ह्या परिषदेचा अहवाल आपल्या एखाद्या ऑफिसात गेला असता तर शेरा पडला असता, फलनिष्पत्ती शून्य.

आता आपल्या पोरांकडं येते. जानेवारीत 2023 ला नागपूरला विज्ञान काँग्रेस होती तेव्हा कोल्हापुरातनं जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची, आज दुपारी बसलं की उद्या संध्याकाळी नागपूर. एवढा वेळ हातात असतो पण गाडीत काय चालतं तर पत्ते, रील्स आणि मिरज गेलं का नाही तोवर डबे उघडणं. डबे उघडा हो, पण त्याच्या आधी पंधरा दिवस कार्यक्रमपत्रिका उघडा की. आता सगळं पीडीएफमध्ये नाहीतर ॲपमध्ये येतं, त्यात आपल्या विषयाचे दोन-तीन शब्द टाकून सर्च मारला की कोण कधी कुठं बोलणार ते समोर येतं. अमेरिकेत जिओफिजिकल युनियनची, म्हणजे पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघटनेची डिसेंबरची परिषद असते तिथं वीस हजाराच्या वर माणसं येतात, एका वेळी डझनावारी हॉल चालू, तिथं नुसतं फिरून काय हाताला लागणार. चार-पाच नावं काढायची, त्यांचा एखादा पेपर वाचून ठेवायचा, आणि आधीच दोन ओळींची मेल टाकायची की सर किंवा मॅडम, मी अमुक करतोय, तुमच्या तमुक पेपरमधल्या ह्या गोष्टीवर दहा मिनिटं बोलायचंय, पोस्टर नंबर हा. सगळे उत्तर देत नाहीत. जे देतात त्यातला एक जरी भेटला तरी तिकिटाचे पैसे वसूल.

ह्या हॉलमधनं त्या हॉलमध्ये पळत सुटणारे पण असतात, दहा-पंधरा मिनिटांची भाषणं असतात ती, हिथलं अर्धं तिथलं अर्धं, शेवटी डोक्यात काहीच नाही. त्यापेक्षा दिवसाला एकच सत्र धरून पूर्ण बसा, आणि एखादं मुद्दाम आपल्या विषयाच्या बाहेरचं.

पोस्टरबद्दल मात्र जरा लांबण लावते कारण तिथंच सगळं घडतं आणि तिथंच आपली पोरं सगळ्यात जास्त माती खातात. मोठ्या परिषदांत बहुतेक वेळा ए-झिरो साइज मागतात, म्हणजे 84 बाय 119 सेंटिमीटर, पण उभं का आडवं ते नीट वाचायचं, नाहीतर बोर्डावर मावत नाही आणि मग शेजारच्याशी भांडण. कोल्हापुरात वाढदिवसाचे फ्लेक्स करणारी दुकानं रग्गड आहेत, तिथं जाऊन आख्खा प्रबंध फ्लेक्सवर छापून आणतात, बारा पॉइंटचं अक्षर, चार उतारे प्रस्तावना, वर कॉलेजच्या संस्थापकांचा फोटो. हे वाचणार कोण? दोन-तीन मीटरवरनं शीर्षक वाचता आलं पाहिजे, मधोमध आपला एक मुख्य ग्राफ, आणि तोंडी सांगायला एक मिनिटाचं पाठ. फ्लेक्सपेक्षा कापडावर छापलं तर आणखी बरं, घडी घालून बॅगेत बसतं, ती लांबडी नळी रेल्वेत उशाला घेऊन झोपायची वेळ येत नाही.

एक बघितलेलं सांगते. आमच्याकडची गडहिंग्लज बाजूची एक पोरगी, उसाच्या चोयट्यापासनं, म्हणजे कारखान्यात बगॅस म्हणतात त्याच्यापासनं, सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे वीज साठवायच्या साधनासाठी, बारीक छिद्रांचा कार्बन तयार करायची. केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवायचं, मग ॲसिडनं धुवायचं, मग पाण्यानं. पण प्रत्येक बॅचचा आकडा वेगळा यायचा आणि का ते कुणाला कळत नव्हतं, आम्हाला पण नाही. ती पोस्टरपाशी उभी, बाकीचे जेवायला गेलेले, आणि एक वयस्कर गृहस्थ पाठीमागं हात बांधून आले, गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं त्यामुळं कोण ते कळेना. पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसता ग्राफ बघत उभे. मग विचारलं, बगॅसमध्ये सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच, असते तिचं काय केलंस? पोरगी गप्प. ते म्हणाले, केओएचबरोबर तापवलंस की त्या सिलिकेचं पोटॅशियम सिलिकेट होतं, ते पाण्यात विरघळतं, आणि तू त्याच्यावर थेट ॲसिड ओततीयस, म्हणजे ती सिलिका जेल होऊन परत तुझ्या कार्बनच्या छिद्रांत जाऊन बसणार, आधी भरपूर गरम पाण्यानं धू, मग ॲसिड वापर. पोरीनं पोस्टरच्याच कडेला पेनानं लिहून घेतलं. मग त्यांनी तिची वही मागितली, आणि तिनं वही आणली होती म्हणून बरं, त्यात धुतलेल्या पाण्याचे पीएच, म्हणजे आम्लतेचे आकडे, लिहिलेले होते, ते दोघं तिथंच खाली वाकून बॅचवार बघत बसले आणि जेवणाची वेळ संपली. ही गोष्ट पुस्तकात सापडली नसती असं नाही, पण आपल्या पुस्तकात नेमकी कुठली ओळ आपल्या कामाची, ते सांगणारा माणूस तिथं भेटतो.

म्हणून जेवायला आपल्याच कॉलेजच्या टोळक्यात बसू नका असं मी दरवेळी कानीकपाळी ओरडायचे. पोरं म्हणायची मॅडम इंग्लिश जमत नाही. अरे जपानी, कोरियन शास्त्रज्ञ अडखळत इंग्लिश बोलतात आणि जग कान देऊन ऐकतं, तुमचं काय अडलंय? गावात कुणालाही हटकून काय पावणं कुठनं म्हणून विचारणारी आपली माणसं, परिषदेत गेली की एकदम मुकी होतात, हे मला कधी कळलं नाही.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर पण लोक फुकटचं पेन आणि पिशवी गोळा करायला जातात. तिथं एक्सआरडी, क्रोमॅटोग्राफी असल्या पदार्थ तपासायच्या यंत्रांच्या कंपन्यांची माणसं दिवसभर उभी असतात, त्यातल्या विक्रीवाल्याला सोडा आणि ॲप्लिकेशनवाला, म्हणजे यंत्र कसं वापरायचं ते जाणणारा, कोण ते विचारा, त्याला आपला बिघडलेला ग्राफ मोबाइलवर दाखवा, एरवी ज्याला व्हिजिटचे पैसे मोजावे लागतात तो माणूस तिथं उभ्या उभ्या सांगतो की सँपल वाळवलं नाहीस किंवा यंत्रातला कॉलम, म्हणजे मिश्रण वेगळं करणारी नळी, खराब झालाय.

पैशाचं म्हणाल तर तक्रार खरी आहे. नोंदणी फी, प्रवास, राहणं, शेतकऱ्याच्या पोराला हे परवडत नाही आणि कॉलेजं हात वर करतात. एका संस्थेत मी बघितलंय, प्राचार्यांच्या गाडीला डिझेल होतं पण पोरीच्या स्लीपरच्या तिकिटाला पैसे नव्हते. परदेशी परिषदेला केंद्र सरकारच्या प्रवास अनुदानाच्या योजना आहेत, बऱ्याच परिषदा स्वतः विद्यार्थ्यांना फी माफ करतात, पण त्याचे अर्ज काही महिने आधी असतात आणि आपल्याकडं नोटीस लागते तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. आणि हो, 'आदरणीय प्रोफेसर, आपलं थोर संशोधन आमच्या परिषदेत' असल्या गोड मेल येतात ना, त्यातल्या कित्येक निव्वळ फी उकळायच्या असतात, भौतिकशास्त्रापासनं दंतवैद्यकापर्यंत सगळं एकाच हॉटेलात एकाच दिवशी. आधी गाइडला दाखवा, मगच पैसे भरा.

परत आल्यावर काय, हे तर कुणी विचारतच नाही. बिलं आणि सर्टिफिकेट ऑफिसात दिलं की विषय संपला. माझी सूचना साधी आहे, कॉलेजनं बिल पास करायच्या आधी त्या पोरानं डिपार्टमेंटात अर्धा तास उभं राहून सांगावं, काय नवीन ऐकलं, कुणाला भेटलो, आपल्या लॅबमध्ये सोमवारपासनं काय बदलायचं. सर्टिफिकेटची झेरॉक्स नको, हे घ्या. प्राध्यापकांना पण हाच नियम लावा, तिथं तर आधी लावा. जो गेलाच नाही त्या पोराला पण त्यातनं काहीतरी मिळतं आणि जो फिरायला गेला होता तो दोन मिनिटांत उघडा पडतो. शिवाय भेटलेल्या माणसांना आठवडाभरात मेल गेली पाहिजे, त्या पोरीनं आल्या आल्या गरम पाण्यानं धुतलेल्या बॅचचा ग्राफ त्या गृहस्थांना पाठवला होता, आणि पुढं पेपर लिहिताना त्यांनी आख्खा मसुदा तपासून दिला.

तेव्हा त्या वाचकांना माझं सांगणं, सहल बंद करा म्हणा, मी सहीला येते, पण परिषद बंद करायची भाषा नको. शाळेची लॅब आणि परिषद ह्यात भांडण लावायचं कारणच काय, दोन्हीकडं पैसा कमीच आहे.

आणि संपादक साहेब, एक तुम्हाला पण. दरवर्षी अशा परिषदेची बातमी तुमच्याकडं येते ती दीपप्रज्वलनाच्या फोटोसकट, खाली नावांची ही भली मोठी यादी आणि 'मान्यवर उपस्थित होते'. पुढच्या वेळी शिवाजी विद्यापीठात नाहीतर जवळपास कुठं परिषद असली तर तुमच्या वार्ताहराला उद्घाटन झाल्यावर दुपारी पाठवा, पोस्टरच्या हॉलमध्ये, आणि तिथल्या कुठल्याही चार पोरांना तुम्ही काय केलं म्हणून विचारून तेवढंच छापा. फोटो पण तिथलाच घ्या.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर