गवंड्याला थांबव

होव्ह, इंग्लंड
१२ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या घराच्या जांभ्याच्या भिंती सिमेंटने गिलावून घ्यायच्या म्हणतोस. हे पत्र वाचून होईपर्यंत तेवढा थांब.

मी रोज ब्रन्सविक टेरेसवरून कामाला जातो. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली, एकमेकांना चिकटलेली उंच घरं, वर पानांची नक्षी असलेले कोरिंथियन खांब, सगळ्यांना एकच सायीसारखा रंग. चार्ल्स बझबी या वास्तुरचनाकाराने १८२०च्या दशकात आखलेली ही रांग. मला वर्षभर वाटायचं, दगडी आहे! गेल्या आठवड्यात एका घराला परांची लागली होती आणि कोपऱ्यातला गिलावा निघाला होता. जवळ जाऊन पाहिलं. दगडांचे सांधे म्हणून जे दिसत होते, त्या ओल्या गिलाव्यावर ओढलेल्या रेघा! आत गारगोट्या, विटांचे तुकडे, वाळू, असलं काहीबाही चुन्यात कालवून फळ्यांच्या साच्यात ओतलेलं. बोटाने घासलं तर भुगा हातात आला. इथले लोक त्याला बंगारूश म्हणतात.

अशी भिंत दोनशे वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी कशी? तर चुना ओल घेतो आणि सोडतो. भिंत अगदी कोरडी पडली तर भुसभुशीत होते, पाणी मुरलं तर चिखल. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून कुजते. तुझ्या घराचंही तेच होईल, अरे. तो जांभाही चुन्यातच बांधलाय.

आणि रंग. तो लावणं इथे मर्जीवर नाही. १८३०च्या कायद्यापासून रहिवाशांवर ते बंधन आहे. आज दर पाच वर्षांनी, सगळ्यांनी, तोच रंग. एकाच्या भिंतीत पाणी शिरलं तर शेजाऱ्याचीही भिंत जाते, कारण मधली भिंत दोघांची. मला हे फार आवडलं. १९४५ साली ही रांग पाडून फ्लॅट बांधायचं घाटत होतं. तेव्हा लोकांनी जुन्या इमारती जपणारी रीजन्सी सोसायटी काढली आणि ती वाचवली. बझबी मात्र १८३४ सालीच गेला, कर्जबाजारी होऊन.

तुझ्या ओटीवरच्या भिंतीला मी लहानपणी पाठ टेकून बसायचो. मे महिन्यातही ती गार लागायची. त्या गारव्यावर सिमेंट चढवू नकोस. चुना मळणारा गवंडी तुमच्या बाजूला अजून असेल, काकांना विचार. दिवाळीत येतोय, मग मीही हाताखाली राबेन.

काकूंना नमस्कार.

तुझाच